हात थांबता कामा नये

बुलढाण्यात यहुद्यांचे घर एकच होते, आमचे. मुंबई राज्याचे महाराष्ट्र झाले त्या सुमाराला बाबांची बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून तिकडे बदली झाली. बदली रद्द करून घेण्यासाठी कोणाच्या दारात उभे राहणे त्यांच्या स्वभावात नव्हते, त्यामुळे आम्ही तिथेच राहिलो. आम्ही बेने इस्राएल. आमचे पूर्वज कोकणच्या किनाऱ्यावर कधी आणि कसे उतरले याबद्दल घरात जे सांगितले जाई त्यातले किती खरे हे मला पडताळता आलेले नाही, म्हणून ते इथे लिहीत नाही. एवढे खरे की आमची भाषा मराठी, आईचे लुगडे नऊवारी, आडनाव कोकणातल्या गावावरून पडलेले, आणि शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत घरात चूल पेटत नसे. त्या दिवसाला आम्ही शब्बाथ म्हणतो. गावाच्या तोंडी तो शब्द बसला नाही. लोक आम्हाला शनिवारवाले म्हणत, आणि त्यात टिंगल नव्हती, पत्ता सांगण्याची सोय होती.

घरमालक रामभाऊ माळी गावाबाहेरच्या मळ्यात वांगी, मेथी, कांदे करत. त्यांच्या घराला लागूनच त्यांनी दोन खोल्या आणि एक पडवी काढली होती, ती आमच्याकडे. मध्ये कमरेएवढी भिंत. त्या भिंतीवरून कोथिंबीर इकडे यायची, आईने केलेला गव्हाच्या चिकाचा हलवा तिकडे जायचा. रामभाऊंच्या बायकोला, अंजनाबाईंना, आमच्याबद्दल नवीन माणसाला माहिती देण्याची फार हौस. "बामनावानी सोवळे हायेत हो हे," त्या सांगत, "दुधाचं भांडं येगळं, मटनाचं येगळं. पन कोंबडी खातेत बरं!" सकाळी विहिरीच्या रहाटाची कुरकुर, मग राजूर घाट चढून दमलेल्या एस.टी.चा आवाज, मग कोर्टाकडे जाणाऱ्या पक्षकारांची वर्दळ. आईला त्या पठारावरची थंडी आवडे, पण नारळ मिळत नाही याचे दुःख तिला शेवटपर्यंत राहिले. मटणात दूध-दही घालायची आम्हाला मनाई, म्हणून आमचा सगळा रस्सा नारळाच्या दुधावर. बाजारात मिळणारा नारळ ती कानाशी धरून हलवी, आत पाणी वाजले नाही की दुकानदाराकडे अशा नजरेने बघे की तो स्वतःच दुसरा काढून देई.

मांसाची गोष्ट अशी. आमच्या शास्त्राप्रमाणे जनावर ठरलेल्या रीतीने कापले तरच ते कशेर, म्हणजे खाण्यायोग्य. मुंबईत त्यासाठी आमच्या प्रार्थनालयातले हझान असतात, प्रार्थना चालवणारे. ते कापतात आणि लोक खातात. बुलढाण्यात हझान कुठला? म्हणून बाबांनी तरुणपणीच एका वृद्ध हझानकडून पक्षी कापण्याची विद्या शिकून घेतली होती. बकरे नाही, फक्त पक्षी. जेवढे शिकलो तेवढेच करायचे, असा त्यांचा बाणा. त्यांची सुरी वीतभर लांब, टोक नसलेली, आणि तिच्या धारेवर एक बारीकशी खाचसुद्धा चालत नसे. कापण्याआधी धार अंगठ्याच्या नखावरून फिरवायची, जाताना आणि येताना, दोन्ही बाजूंनी. नख कुठे अडकले तर सुरी बाद. मग देवाचे नाव घेऊन मान मागे धरायची आणि हात चालवायचा. दाबायचे नाही, भोसकायचे नाही, ओरबाडायचे नाही. आणि सगळ्यांत मोठा नियम, जो बाबा नेहमी शेवटी आणि हळू आवाजात सांगत: हात थांबता कामा नये. एकदा सुरी लागली की काम पुरे होईपर्यंत क्षणभरही थांबला तर तो पक्षी आपल्याला बाद. दुसऱ्याला द्यावा, आपण खाऊ नये.

मी सोळा-सतरा वर्षांचा असताना बाबांच्या उजव्या हाताला कंप सुटला. आधी नकाशावरच्या रेषा बिघडल्या, मग सही. एका रविवारी त्यांनी कोंबडी हातात घेतली, सुरी उचलली, स्वतःच्या हाताकडे पाहिले, आणि कोंबडी सोडून दिली. "आजपासून माझ्या हातचं चालणार नाही," एवढेच म्हणाले. आईने त्या दिवशी वांगी केली. पुढे बरेच महिने आमच्याकडे वांगीच होती, क्वचित मासळी. बाबांनी मला शिकवायला घेतले. नियम मला पहिल्याच आठवड्यात तोंडपाठ झाले. ते इतके बिनचूक म्हणून दाखवत असे की बाबा मान डोलावत. हात मात्र तयार होईना.

इथे माझ्या स्वभावाबद्दल सांगितले पाहिजे. शाळेत माझे गणित वर्गात सर्वांत चांगले होते आणि गणिताच्या पेपरात मला कधीच पूर्ण गुण पडले नाहीत, कारण पहिले उदाहरण बरोबर आले की नाही ते मी पुन्हापुन्हा पाहत बसे आणि शेवटची तशीच राहत. दार लावले का बघायला मी गल्लीच्या टोकावरून परत येई. प्रार्थना म्हणताना एखादा शब्द गळला अशी शंका आली की सुरुवातीपासून. माझ्या मनात ही धार्मिकता होती. बाकीचे लोक निष्काळजी, मी काळजी घेणारा. हे मी आता हसून लिहितो आहे, पण त्या वयात ते हसण्यासारखे नव्हते. मला खरोखर वाटे की माझ्या आत कुठेतरी एक खाच आहे, ती सगळ्यांना दिसते आणि मलाच सापडत नाही. पुढे मी दुसऱ्यांचे हिशेब तपासण्याच्याच नोकरीत शिरलो. तिथे माझ्या शंकांना पगार मिळाला. घरी अजूनही गॅसची खिटी मी बंद करतो आणि बायको बघून येते, असा आमचा करार आहे.

मॅट्रिकची परीक्षा झाली आणि आईला ताप भरला. टायफॉइड निघाला. ताप उतरला, पण आई उतरत्या तापाबरोबरच जणू वाहून गेली. उठून बसवले तर मान धरवेना. दूध पोटात ठरेना, अंडे दिले की ओकारी. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर भले गृहस्थ होते. त्यांनी बाबांना सांगितले, "यांच्या अंगात काही राहिलेलं नाही. कोंबडीचं सूप द्या, रोज द्या. नाहीतर पुढच्या आठवड्यात मला त्यांना दाखल करून घ्यावं लागेल, आणि तेव्हा मी काही सांगू शकणार नाही." बाबांनी घरी येऊन आईला स्वच्छ सांगितले की जीव वाचवायचा असेल तर शास्त्राची सगळ्याला परवानगी आहे, बाजारातल्या खाटकाकडची आणतो. आई पडल्या पडल्या म्हणाली, "जिवावर आलं की खाईन. अजून आलेलं नाही. घरात शिकलेला मुलगा आहे ना?"

"त्याचा हात तयार नाही."

"मग होऊ दे. मी आहे अजून."

ती हट्टी होती असे मी पुष्कळ वर्षे समजत होतो. त्या दिवशी मात्र मला फक्त एवढेच ऐकू आले की आईचा जीव माझ्या हातावर आला आहे, आणि त्या हाताबद्दल मला जे माहीत होते ते इतर कोणालाही माहीत नव्हते.

रामभाऊंचा मुलगा गजा माझ्याच वयाचा. मोताळ्याच्या आठवडी बाजारातून त्याने माझ्यासाठी कोंबड्या आणल्या आणि अंजनाबाईंनी त्या आपल्या खुराड्यात ठेवून घेतल्या. पहिल्या दिवशी मी सुरी नखावरून फिरवायला बसलो. एकदा फिरवली, काही लागले नाही. पण नख नीट लागले होते का? पुन्हा फिरवली. दुसऱ्या अंगठ्याने फिरवली. धार उजेडाकडे धरली. बाबा बाजेवर बसून बघत होते. दिवस कलला तरी मी फिरवतच होतो. शेवटी बाबा म्हणाले, "आता अंधारात नको. उद्या." दुसऱ्या दिवशी मी देवाचे नाव घेतले, सुरी लावली, आणि पहिला रक्ताचा थेंब दिसताच माझ्या मनात आले, जागा चुकली का? हात थांबला. ते मला कळले, बाबांना कळले, भिंतीपलीकडे उभ्या असलेल्या गजालाही कळले. रामभाऊंनी येऊन बिचारीला पुरती मोकळी केली आणि त्या दिवशी त्यांच्याकडे रस्सा झाला. त्याचा वास आमच्या घरात आला. आई डोळे मिटून पडली होती. तिच्या नाकपुड्या हलल्या तेवढ्या मी पाहिल्या.

तिसऱ्या दिवशी मी कोंबडी पूर्ण कापली. सुरी खाली ठेवली तेव्हा मला वाटले, जमले. बाबांनी विचारले, "थांबला का हात?"

मध्ये कुठे तरी थांबला असेल का? आठवू लागलो तसे ते आठवण्यातच विरघळत गेले. "माहीत नाही," मी म्हणालो.

"माहीत नाही म्हणजे?"

"थांबला नसेल. पण असेलही."

बाबांनी मान खाली घातली. कापणाऱ्यालाच माहीत नसेल तर पक्षी बाद, हा नियम मला त्यांच्याइतकाच पाठ होता. कोंबडी भिंतीवरून पलीकडे गेली. गजाने ती पायांना धरून उंच केली आणि म्हणाला, "बेन्या, तू असाच भेत जाय बे! आमची रोजची पार्टी होऊन राह्यली." माझे नाव बिनयामीन, पण तिथे मी बेन्याच होतो. अंजनाबाईंनी त्याच्या पाठीत धपाटा घातला. "तोंड सांभाळ रे मेल्या! त्याची माय तिकडं पडून राह्यली अन् तुले पार्टी सुचते." मग भिंतीवर कोपर टेकून माझ्याकडे पाहत राहिल्या. "काऊन रे पोरा, येवढं काऊन भेतं? आमचा गजा पाय तर, परीक्षेत कायी येत नाही तरी भेत नाही." त्यांना मला धीर द्यायचा होता. मी पडवीत जाऊन बसलो आणि रडलो. अंजनाबाईंच्या त्या बोलण्यात तथ्य होते हे मला आता दिसते. भीती चुकांच्या प्रमाणात येत नाही.

तो शुक्रवार. दुपार उतरली तशी घरात शब्बाथची तयारी सुरू झाली, म्हणजे मी आणि बाबा मिळून करत होतो. मनुका उकळून, कुस्करून, गाळून त्यांचे सरबत. द्राक्षरसाच्या जागी आम्ही तेच वापरतो. भाकरी आधीच भाजून फडक्यात गुंडाळलेली. दिवा काचेच्या पेल्यातला, खाली पाणी, वर तेल, त्यात वात. तो लावण्याचा मान घरच्या बाईचा. आई म्हणाली, मला उठवा. आम्ही दोघांनी तिला दोन्ही बाजूंनी धरून नेले. तिने काडी ओढली, वातीला लावली, दोन्ही हात डोळ्यांवर घेतले, आणि आशीर्वाद म्हणता म्हणता ती आमच्या हातातून खाली सरकली. जमिनीवर पडली नाही, कारण बाबांनी आपला तो थरथरणारा हात तिच्या पाठीखाली घातला. तिला गादीवर नेले. पाणी शिंपडल्यावर तिने डोळे उघडले आणि पहिली गोष्ट विचारली, "दिवा लागला?"

शब्बाथच्या दिवशी काही कापता येत नाही. शनिवारचा पूर्ण दिवस आम्हाला वाट पाहण्याशिवाय दुसरे काम नव्हते. आईला मनुकांचे सरबत चमच्याने पाजायचे आणि तिचा श्वास ऐकायचा. दुपारी ती झोपली. बाबा पडवीत बाजेवर बसले होते, उजवा हात डाव्या हाताने धरून. ऊन पांढरे पडले होते. पलीकडे अंजनाबाई मिरच्या वाळत घालत होत्या. मी बाबांना म्हणालो, "उद्या तुम्ही बाजारातली आणा. तिच्यावर जबरदस्ती करा. मला जमणार नाही."

"उद्या सकाळपर्यंत ती आणखी खाली गेली तर आणीनच. तिला विचारणारही नाही," बाबा म्हणाले. "ते माझं काम. तुझं काय?"

"मला खात्री होत नाही."

"कसली?"

"सगळ्याची. सुरीची. हाताची. मी देवाचं काम करतोय, त्यात चूक झाली तर? तुम्हीच सांगता ना, काळजीनं करावं."

बाबांनी धरलेला उजवा हात सोडून मांडीवर ठेवला. ते मुळात बोलणारे गृहस्थ नव्हते. रस्त्यांची आणि त्यांखालच्या मोऱ्यांची मापे सोडली तर त्यांच्या तोंडून सलग चार वाक्ये मी क्वचित ऐकली होती. "हे मी पण विचारलं होतं," ते म्हणाले. "हझानना. खात्री कुठपर्यंत करायची? ते म्हणाले, दोन्ही बाजू एकदा नीट बघ. मन लावून बघ. नाही दिसली खाच, तर नाही खाच. मी म्हटलं, आणि असली तर? ते चिडले. म्हणाले, अरे, हे शास्त्र देवदूतांना दिलेलं नाही. त्यांच्याकडे होतंच की वर. ते माणसांना दिलं. देताना देवाला माणसाचे डोळे केवढे आणि नख केवढं हे माहीत नव्हतं असं वाटतं का तुला?"

मी माझ्या अंगठ्याच्या नखाकडे पाहिले.

"नियम जिथे संपतो तिथे शंकाही संपली पाहिजे," बाबा म्हणाले. "तू एकदा बघतोस ते देवासाठी. त्याच्यापुढे जे बघत बसतोस ते देवानं मागितलेलं नाही. ते तुझं स्वतःचं आहे. त्याला भक्ती म्हणू नकोस."

हे मला लागले. ज्याला मी माझ्यातली एकुलती एक चांगली गोष्ट समजत होतो, तीच बाबांनी माझ्या हातातून काढून घेतली होती. मला रागही आला. मी म्हणालो, "पण हात थांबला की नाही हे मलाच कळत नाही. कोणीतरी बघणारा पाहिजे. तुम्ही बघून सांगा."

"मला काय दिसणार? तेवढा क्षण बाहेरून दिसत नाही." मग त्यांनी रस्त्याच्या दिशेने हनुवटी केली. "तिकडे कोर्टात काय लागतं? साक्षीदार. आपल्या शास्त्रातही पैशाच्या, गुन्ह्याच्या दाव्याला दोन लागतात. एकाच्या बोलण्यावर कोणाला शिक्षा होत नाही. पण इथे, खाण्याच्या बाबतीत, एकच पुरतो. जो कापतो तो. त्यानं सांगितलं कशेर, की सगळ्यांनी मानायचं. मी मानायचं, तुझ्या आईनं मानायचं. मोठ्यातला मोठा हझान उद्या आपल्या दारात जेवायला आला तर त्यानंही मानायचं. कधी विचार केलास, असं का ठेवलं?"

"का?"

"कारण देवाला माणसाचा भरवसा आहे. तुला नसेल तर ते तू आणि तो बघून घ्या. आईला मध्ये घालू नका."

मी तिथेच बसून राहिलो. हे सांगताना माझ्या डोक्यात एकदम प्रकाश पडला असे लिहायला सोपे जाईल, पण तसे झाले नाही. फक्त एक विचार आत आला आणि तो जाईना. मी लहानपणापासून धरून चाललो होतो की देव माझी चूक शोधत बसलेला आहे, आणि त्याच्या आधी ती मला सापडली पाहिजे. बाबांनी सांगितलेला देव तसा बसलेला नव्हता. त्याने आपले म्हणणे माझ्यासारख्याच्या नखावर आणि जिभेवर सोपवले होते आणि तो निघून गेला होता, जसा एखादा वडीलधारा किल्ल्या देऊन गावाला जातो. हे खरे असेल तर माझी प्रत्येक जादा शंका म्हणजे त्याला सांगणे होते की तुझी निवड चुकली. असे त्याला सांगण्याची माझी हिंमत नव्हती. धैर्य म्हणावे असे मला त्या दुपारी जे काही मिळाले ते या भीतीतूनच मिळाले, आणि ते मी कमी लेखत नाही.

रविवारी सकाळी आई जागी होती, पण बोलत नव्हती. बाबांनी सदरा घातला, बाजाराची पिशवी घेतली, आणि ती खुंटीला न अडकवता हातातच ठेवली. त्याचा अर्थ मला कळला. अंगणात गजा कोंबडी घेऊन आधीच उभा होता. तांबडी, डोळे गोल, रागावलेली. "आजबी आमच्याच घरी येऊन राह्यली का बे हे?" तो म्हणाला. "माय मसाला वाटून राह्यली, खरंच सांगतो."

"गजा, चूप बस," मी म्हणालो. असे मी त्याला पूर्वी कधी म्हणालो नव्हतो. तो खरेच चूप बसला.

मी चुलीतली राख आणून जमिनीवर पसरली. पक्ष्याचे रक्त राखेवर पडावे आणि वरून राखेनेच झाकावे, उघडे ठेवू नये, हाही आमचा नियम. मग सुरी घेतली. नखावरून नेली, आणली. बाजू बदलली. नेली, आणली. मन लावून, सावकाश, जसे करायचे तसे. कुठे काही लागले नाही. तेवढ्यात ते जुने आलेच: पुन्हा एकदा. अंगठा उचललेला होता. तो धारेकडे जात होता. मी तो मागे घेऊन कोंबडीच्या मानेवरची पिसे बाजूला करायला लावला, कारण त्याला काहीतरी काम द्यायला हवे होते.

मी मान वर करून बाबांकडे पाहिले. त्यांनी माझ्याकडे पाठ केली होती. रोज डोळ्यांत तेल घालून बघणारे बाबा भिंतीकडे तोंड करून उभे होते, पिशवी हातात, आणि पिशवीचे बंद थरथरत होते.

मी देवाचे नाव घेतले आणि हात चालवला.

कोंबडी राखेवर ठेवली. बाबा वळले नाहीत. "काय?" त्यांनी विचारले.

मनाने लगेच तोंड उघडले. कदाचित, ते म्हणू लागले, कदाचित मध्येच. मी त्याला विचारले, तुला माहीत आहे काय? तू पाहिलेस काय? त्याच्याकडे काही नव्हते, नुसते कदाचित होते. मला जे माहीत होते ते वेगळे होते आणि साधे होते. सुरी गेली होती आणि आली होती आणि मध्ये काहीही नव्हते.

"कशेर," मी म्हणालो.

"मग रक्त झाक," बाबा म्हणाले. तरीही ते वळले नाहीत. त्यांनी बाहीने तोंड पुसले आणि पिशवी खुंटीला अडकवायला आत गेले. कापून झाल्यावर सुरी पुन्हा एकदा बघायची असते. मी बघितली, एकदा, आणि फडक्यात गुंडाळली.

गजा म्हणाला, "म्हंजे, आमचा मसाला?"

भिंतीपलीकडून अंजनाबाई ओरडल्या, "मसाल्याले आग लाव! बेन्या, मायले पाजजो लवकर. कोथमिर पायजे का?"

पिसे मी काढली. आई आतून एकेक शब्दाने सांगत होती. पाण्यात ठेव. आता निथळ. जाडे मीठ लाव, आतूनही. पाट तिरपा ठेव, रक्त वाहून जाऊ दे. आता धू. पुन्हा धू. नारळ नव्हता, म्हणून नुसते आले, लसूण आणि अंजनाबाईंची कोथिंबीर. सूप गाळून वाटीत घेतले आणि आईच्या उशाशी बसलो. बाबा तिच्या पाठीशी बसून तिला टेकू देत होते.

तिने वाटीकडे पाहिले, मग माझ्याकडे. "हात?"

"थांबला नाही."

तिने पुढे काही विचारले नाही. बाबांकडे वळून खात्री करून घेतली नाही. तिने तोंड उघडले. पहिला घोट गेला. दुसरा गेला. आणि तेव्हा, मी सुरी धरली होती तेव्हाही आली नव्हती इतक्या जोराने, ती शंका माझ्यावर आली. थांबव तिला. अजून वेळ आहे. तुला इतकी खात्री आहे? आयुष्यभर व्रत सांभाळलेली बाई तुझ्या एका शब्दावर खाते आहे. चमचा वाटीवर वाजू लागला. बाबांनी ते ऐकले असणार. ते आईच्या केसांकडे बघत राहिले. मी चमचा वाटीत बुडवला, भरला, आणि तिच्या ओठांशी नेला. मग पुन्हा भरला.

ती शंका गेली नाही. मी ती तिथेच बसू दिली आणि आईला भरवत राहिलो.

वाटी संपली तेव्हा आईने डोळे मिटले. मला वाटले ती झोपली. तेवढ्यात ती म्हणाली, "मीठ नीट धुतलं नाहीस. खारट झालंय."

"हो."

"अजून आहे?"

"आहे."

"मग आण की," ती म्हणाली.